चांगदेवला ट्रेलर एका रात्रीपुरता लावायचा तर

भुसावळहून निघालो की आमचा पहिला मुक्काम चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर. हतनूर धरणाचं मागचं पाणी तिथवर पसरलेलं आहे. घराला इतक्या लागून कसला मुक्काम, म्हणून सौ. हसते. पण सिलिंडरची पिन राहिली, पाण्याची टाकी गळतेय, हे घर जवळ असतानाच कळलेलं बरं.

ट्रेलर म्हणजे दहा फुटी पत्र्याची खोली, ओढायला बोलेरो. गावात शिरलं की लोक आधी विचारतात, "काय विकता भो?"

तर पहिली गोष्ट, पाण्याला लागून लावू नका. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, मोकळं सपाट मैदान दिसतं आणि मोह होतो. ते मैदान म्हणजे गाळाची काळी माती. वरून वाळलेली पापडी, खाली ओल. शिवाय बरेचदा ते कुणाचं तरी टरबुजाचं वावर असतं. मी पहिल्या वर्षी उतरवलाच. वेलांतून एक बाबा ओरडला, "तिकडे नका जाऊ भो, खाली चिख्खल आहे!" ऐकू येईपर्यंत डावं चाक अर्धं आत. त्यानेच ट्रॅक्टर लावून काढलं. पैसे घेतले नाहीत, टरबुजं मात्र चार घ्यायला लावली.

मुरमाची उंच जागा बघा आणि सळई टोचून पाहा. सहज आत गेली तर पुढे चला. मालकाला विचारल्याशिवाय थांबू नका. पावसाळ्यात तर पाण्याकडे फिरकूच नका.

ट्रेलर मागे घेऊन लावा, म्हणजे सकाळी तोंड रस्त्याकडे राहतं. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. मग हात जिकडे न्याल तिकडेच ट्रेलरचं मागचं टोक जातं. मी जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं, रुळावर ही भानगडच नाही. चांगदेव चौदाशे वर्षं जगून कोरा राहिला म्हणतात, तसा मी या रिव्हर्समध्ये.

दार पूर्वेला ठेवा, दुपारची सावली बसायच्या बाजूला पडते. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा दुपारी पत्र्याच्या आत बसणं म्हणजे बट्टीसारखं भाजून निघणं. हिवाळ्यात या. पाण्यावर परदेशी पक्षी उतरलेले असतात आणि भरताची वांगी बाजारात असतात. टायरची हवा सकाळी थंड असतानाच बघा. तापलेल्या टायरमधून जास्त वाटली म्हणून हवा सोडू नका, सकाळी टायर बसलेला दिसेल.

एका रात्रीसाठी ट्रेलर गाडीपासून सोडूच नये. सोडलाच, तर आधी चाकांना ठोकळे, मग पुढचा स्टँड, मग हूक. जोडताना उलटं. ठोकळे सगळ्यात शेवटी काढा आणि काढल्या काढल्या गाडीत टाका. आमची एक जोडी त्या बाबाच्या बांधावर राहिली. आता तिच्याखाली त्याची ताडपत्री दाबलेली असते, आणि मागायला मला तोंड नाही.