टाकीवरचा लाकडी टॉप फुगतोय, काळा पडतोय? या चुका टाळा

माशांच्या टाकीवरचा लाकडी टॉप, म्हणजे दिवे बसवलेलं पेटीसारखं झाकण, खराब झाला की दोष हमखास पॉलिशला जातो. मग आणखी एक हात मारला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात कड पुन्हा फुगते. लाकडाची वाट सांडलेल्या पाण्यानं क्वचित लागते, बहुतेक वेळा लागते ती आत कोंडलेल्या वाफेनं. दिवसभर दिव्यांच्या उष्णतेनं वाफ वर येते आणि रात्री दिवे बंद झाले की तीच झाकणाला आतून थेंबांनी चिकटते. सकाळी पुन्हा दिवे लागतात, पुन्हा कोरडं होतं. आपल्या बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि जुलैत कपाटातले कपडेसुद्धा दमट, त्यात हे रोजचं ओलं-कोरडं. म्हणून आधी वाफेला वाट करून द्या, पॉलिशचं नंतर बघू.

सर्वांत मोठी चूक: बंद पेटी

नेटकं दिसावं म्हणून टॉपची मागची बाजूही फळीनं बंद केली जाते आणि टाकी भिंतीला चिकटवली जाते. मागची बाजू उघडीच ठेवा, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. गरम हवा आपसूक वर जाते, तेव्हा पुढच्या बाजूला खाली एक फट आणि मागे वरच्या अंगाला मोकळी जागा एवढं पुरतं. टी-5 ट्यूब किंवा जुने मेटल हॅलाइड असे जास्त तापणारे दिवे असतील तर मात्र 12 व्होल्टचे कॉम्प्युटरचे पंखे लावावे लागतात. पंखा बाहेरची हवा आत ढकलेल असा बसवा. आतली ओली हवा पंख्यातूनच बाहेर ओढली तर तो लवकर गंजतो आणि घरघर करू लागतो. पंख्यानं पाणी एक-दोन अंश थंडही होतं, पण ते बाष्पीभवनामुळे. त्यामुळे पातळी रोज उतरणार, पाणी घालत राहायचं. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा हा थंडावा फारसा मिळत नाही; पंखा बिघडला असं समजून दुकानात धावू नका.

एलईडी लावली म्हणजे उष्णतेचा प्रश्न मिटला, हाही गैरसमजच. उष्णता कमी असते, शून्य नसते. अ‍ॅडॉप्टर, ड्रायव्हर, चोक हे सगळं टॉपच्या बाहेर ठेवा. दिव्याची पट्टी थेट लाकडाला न ठोकता अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलवर, थोडं अंतर सोडून बसवा. वायर प्लगच्या खाली लोंबती राहून मग वर जाईल अशी घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच टपकतं. त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

‘आत कोण बघतंय?’

बाहेरून चेहरा दिसेल असं पॉलिश आणि आतून कोरं लाकूड, हे घरोघरी दिसतं. मिस्त्रीला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “साहेब, आत कोण बघतंय?” बघत कुणी नाही, पण वाफ आतूनच लागते. एका बाजूनं ओल शोषली जाते, दुसरी बाजू पॉलिशनं बंद. मग फळी वाकते आणि झाकणाचं दार लागेनासं होतं. आतली बाजू, कडा, वायरसाठी पाडलेलं भोकसुद्धा सील करायचं. फळीचं कापलेलं टोक, जिथं रेषांची तोंडं उघडी पडतात, ते सपाट बाजूच्या कितीतरी पट पाणी पितं. तिथं एक हात जास्त द्या.

हार्डनर मिसळून करतात ते दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा इपॉक्सी पॉलिश यासाठी चांगलं. दिवाणखान्यात संखेड्याचा लाखकाम केलेला झोपाळा आहे म्हणून टॉपही तसाच लाखेचा करावा असं पुष्कळांना वाटतं. झोपाळ्याला ते शोभतं, पण लाख उष्णतेनं मऊ होते आणि ओलीनं तिच्यावर दुधी डाग पडतात. अगदीच हौस असेल तर बाहेरून रंग तसा घ्या. काम दिवाळीनंतर काढा, दमट हवेत पॉलिश धुरकट होतं. आणि वास पूर्ण जाईपर्यंत टॉप टाकीवर ठेवू नका.

एक चूक माशांच्या जिवावर बेतते. नवं लाकूड म्हटलं की वाळवीचं औषध आतून फासण्याची सवय असते. सायपरमेथ्रिनच्या जातीची ही औषधं माशांना अतिशय विषारी असतात आणि झाकणावरून टपकणारा थेंब सरळ पाण्यात जातो. कामाला हात लावण्याआधीच मिस्त्रीला बजावून ठेवा.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुगा-तंतू दाबून केलेल्या फळ्या, टाळा. एकदा फुगले की वाळवूनही मूळ जाडीवर येत नाहीत. प्लाय घेताना आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का बघा. आयएस 303 मध्ये बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) चालेल, एमआर (नुसती दमट हवा सोसणारा) नको. ग्लू वॉटरप्रूफ घ्या. बिजागऱ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. पितळही नको: त्यातलं तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

टाकीच्या तोंडावर काच ठेवली तर बरीच वाफ आणि शिंतोडे तिथंच अडतात. पूर्ण बंद करू नका, माशांना हवा लागते. काच किंचित उतरती ठेवली की थेंब परत टाकीतच जातात. आठवड्याला पुसा, नाहीतर क्षारांचा पांढरा थर उजेड खातो. एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, ऐन कडेला असेल तर फुटणारे बुडबुडे लाकडावर उडत राहतात. तो मध्ये सरकवा. लाकूड थेट काचेच्या कडेवर टेकवलं तर फटीतून पाणी वर चढतं, म्हणून कोपऱ्यांत रबराच्या बारीक गुट्ट्या द्या.

बिघडलंच असेल तर

कडेला नख दाबून बघा. नख रुतलं तर आतपर्यंत ओल आहे. प्लायवर बोटानं टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर थर सुटले आहेत. तेवढा तुकडा कापून बदला. नुसती ओल असेल तर टॉप उतरवून सावलीत, पंख्याखाली आठवडाभर उभा ठेवा. गच्चीवरच्या उन्हात टाकलात तर हमखास तडकेल. काळे डाग ओल्या फडक्यानं निघाले तर ती बुरशी, व्हिनेगरनं पुसा. स्क्रूभोवतीचा निळसर काळा डाग निघत नसेल तर तो लोखंड आणि सागवानातल्या टॅनिन या द्रव्याचा; स्क्रू बदला, डागाला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पातळ पाणी लावून नीट धुवा. हे काम हातमोजे घालून, टाकीपासून लांब. घासकामही लांबच, भुसा पाण्यात नको. फुगलेल्या एमडीएफला मात्र इलाज नाही. तो लगेच टाकून देऊ नका, नव्या प्लायच्या मापासाठी मिस्त्रीकडे द्या.