सामाजिक समारंभ आणि मदतनिधीच्या पार्ट्यांचे फोटो काढताना या चुका टाळा

मदतनिधी गोळा करण्यासाठी ठेवलेल्या एका मोठ्या पार्टीचं काम संपवून मी मध्यरात्रीनंतर घरी आले. सहाशेच्या वर फोटो होते. कार्ड उतरवली, दोन ठिकाणी प्रत ठेवली आणि समाधानाने झोपले. सकाळी संस्थेच्या कार्यकर्तीचा फोन आला. "ताई, फोटो छानच आलेत, पण मागे भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या आजींचा एकही दिसत नाही."

त्या आजी म्हणजे त्या संध्याकाळच्या सर्वांत मोठ्या देणगीदार. साधे कपडे, अंगावर दागिना नाही आणि व्यासपीठावर यायला त्यांनी स्वतःच नकार दिलेला. मी मात्र संध्याकाळभर झगमगीत कपड्यांच्या मागे धावत होते. सगळे फोटो पुन्हा चाळले तेव्हा एका फोटोच्या कडेला त्यांचा हात सापडला. मनगटापर्यंतच. हातात चार घड्या घातलेली कार्यक्रमपत्रिका. आभाराच्या पत्रासोबत पाठवायला संस्थेकडे त्यांचा फोटोच नव्हता आणि ती संध्याकाळ काही परत येणार नव्हती.

या कामातल्या बहुतेक चुका अशाच असतात. कॅमेरा चुकत नाही, आपण माणसं चुकवतो. पार्टी तीन-चार तासांत संपते, पण फोटो पुढे वर्षभर वापरले जातात: आभारपत्रात, वार्षिक अहवालात, बातमीत, पुढच्या वर्षीच्या निमंत्रणात. हा पुढचा प्रवास डोक्यात ठेवून काम केलं, तर खाली लिहिलेल्या अर्ध्या चुका होणारच नाहीत.

न विचारता कामाला लागणं

"कार्यक्रम सातला आहे, या" एवढ्या निरोपावर जाऊ नका. आयोजकांना आधी बसवून विचारा: कोणाचे फोटो हवेतच? कोणाचे अजिबात नकोत? सत्कार, लिलाव, धनादेश देणं हे नेमकं किती वाजता आणि कुठल्या बाजूला? फोटो कुठे वापरणार? पहिले फोटो कधी हवेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा "आज रात्रीच, बातमीसाठी" असं येतं. ते पार्टी सुरू असताना कळलं, तर घाम फुटतो.

नावांची यादी मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. यादीत नाव असतं, चेहरा नसतो. म्हणून मी आता पहिल्या अर्ध्या तासासाठी संस्थेतलं एक माणूस सोबत मागते. त्याचं काम एकच, हळूच दाखवायचं: ते अध्यक्ष, त्या प्रायोजक, कोपऱ्यात बसलेले जुने विश्वस्त. आजींच्या प्रसंगानंतर हे मी एकदाही सोडलेलं नाही.

निदान तासभर आधी पोहोचा आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला भेटा. भाषणाच्या वेळी कोणते दिवे चालू राहणार आणि कोणते विझणार, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. दोन शब्द नीट बोललात, तर वक्त्याच्या चेहऱ्यावर थोडा पांढरा उजेड तो आनंदाने ठेवतो. निळ्या-जांभळ्या दिव्यात न्हालेला चेहरा नंतर संगणकावर सरळ करणं जवळजवळ अशक्य असतं.

फ्लॅश सरळ तोंडावर

नवख्या माणसाचा फोटो इथे लगेच ओळखू येतो. चेहरा चुन्यासारखा पांढरा, मागे भिंतीवर काळी सावली, डोळे लाल आणि सजवलेला हॉल अंधारी गुहा. फ्लॅश छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवा. छत पांढरं आणि फार उंच नसेल, तर उजेड मऊ होऊन खाली येतो. छत काळं असेल तर ते उजेड गिळून टाकतं, रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. अशा वेळी फ्लॅशवर छोटा पांढरा परावर्तक लावा नाहीतर पांढरी भिंत शोधा.

मागचा हॉल काळा येत असेल तर शटर हळू करा, म्हणजे ते जास्त वेळ उघडं राहू द्या. मी साधारण १/६० सेकंद, एफ ४ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ १६०० (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) इथून सुरुवात करते. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही छोटा असतो. त्यामुळे चेहरा स्थिर येतो आणि उरलेल्या वेळात हॉलचे दिवे आपलं काम करतात. आजूबाजूला उजेड भरपूर असेल आणि लोक हलत असतील, तर मात्र कडांना भुतासारखी छाया येते. तेव्हा १/१२५ वर या.

हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर आणखी एक गोष्ट. जुन्या धाटणीच्या पिवळ्या बल्बचं रंगतापमान (उजेड किती पिवळा की निळा याचं माप) साधारण २७०० ते ३२०० केल्व्हिन, फ्लॅशचं ५५०० च्या आसपास. म्हणजे चेहरा निळसर आणि पार्श्वभूमी नारिंगी. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग सरळ करणारी सेटिंग, बल्बच्या खुणेवर ठेवा, दोन्ही जुळतात. हातभर जेलचा तुकडा पिशवीत असला की नंतरचे कित्येक तास वाचतात.

एक फोटो उजळ, पुढचा काळपट

कॅमेरा बिघडला असं वाटायला लावणारी ही तक्रार आहे. सेटिंग तीच, माणूस तोच, तरी लागोपाठच्या फोटोंचा उजेड आणि रंग वेगळा. कधी चेहऱ्यावर आडवे पट्टे. कॅमेऱ्यात बिघाड नसतो, एलईडी दिवे लपलपत असतात. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्यांना दिसत नाही, पण १/५०० चं शटर बरोबर त्या खाचेत सापडतं.

उपाय असा: ५० हर्ट्झ असेल तर शटर १/१०० किंवा १/५०, ६० हर्ट्झ असेल तर १/१२५ किंवा १/६०. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची, म्हणजे दिव्यांच्या लपलपण्याशी जुळवून घेण्याची सोय असेल तर ती चालू करा. आणि सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं शटर बंद करा. त्यात बहुतेक कॅमेरे सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) एकदम न वाचता ओळीओळीने वाचतात. तेवढ्यात दिवा चढतो-उतरतो आणि त्याचेच पट्टे होतात. शांतता भंगू नये म्हणून मी एकदा अख्खं भाषण सायलेंटवर टिपलं होतं. छोट्या पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. घरी मोठं करून पाहिलं, तर वक्त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत राखाडी पट्ट्या. आता पहिले दोन फोटो काढले की तिथल्या तिथे पूर्ण मोठे करून बघते.

व्यासपीठामागच्या मोठ्या एलईडी पडद्याचं आणि मंद केलेल्या दिव्यांचं गणित वेगळं असतं. त्यांचा वेग विजेच्या वेगाशी बांधलेला नसतो, त्यामुळे अँटी-फ्लिकरला तो बहुधा पकडता येत नाही. तिथे कार्यक्रमाआधी दोन-चार शटर स्पीड वापरून बघणं हाच मार्ग.

माणसं वाईट दिसतील असे फोटो

तोंडात घास असताना फोटो काढू नका. गप्पा रंगात असतील तर मध्ये घुसू नका, हसून संपेपर्यंत थांबा. त्यानंतरच्या क्षणी चेहरे मोकळे असतात आणि तेव्हा विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. हातातले ग्लास, बशी, खांद्यावरची पिशवी एक क्षण बाजूला ठेवायला सांगा. सांगायचा संकोच वाटतो, पण नंतर फोटो बघून त्यांना जे वाटतं त्यापेक्षा तो परवडला.

ग्रुप फोटोत दोन चुका नेहमीच्या. एक, एफ २.८ सारख्या मोठ्या छिद्रावर दोन रांगा टिपणं. पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर. दोन रांगांना एफ ५.६ तरी हवंच. दुसरी, जागा कमी म्हणून २४ मिमीच्या, म्हणजे फार रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने काढणं. कडेच्या माणसांचे चेहरे आणि दंड ताणले जातात आणि ती माणसं हे विसरत नाहीत. शक्य तेवढं मागे सरका, ३५ ते ५० मिमी वापरा, कडेला थोडी मोकळी जागा सोडा. किमान तीन फोटो काढा, कोणाचे तरी डोळे मिटतातच. चष्म्यावर झोत चमकत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा. मागे आरसा किंवा काच असेल तर थोडं तिरकं उभं राहा.

फोटोग्राफरचं वागणंही यातच येतं. १९२८ च्या सुमारास जर्मनीत छायाचित्रकार एरिक सालोमोन संध्याकाळच्या समारंभाला शोभेल असा पोशाख घालून, छोटा एर्मानॉक्स कॅमेरा घेऊन राजनैतिक मेजवान्यांत वावरत असत आणि फ्लॅशशिवाय फोटो टिपत. न्यूयॉर्क टाइम्ससाठी शहरातल्या मदतनिधीच्या समारंभांचे फोटो वर्षानुवर्षं काढणारे बिल कनिंगहॅम अशा ठिकाणी पाण्याचा ग्लासही घेत नसत, हे त्यांच्याबद्दल प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये ते गेले. इतकं कडक राहायची गरज नाही. पण पाहुण्यांत मिसळण्याइतके नीटनेटके कपडे हवेत आणि आपण पाहुणे नाही याची आठवणही हवी.

नाव चुकणं

पट्टे आलेला फोटो लोक एक वेळ माफ करतात. स्वतःच्या नावातली वेलांटी चुकलेली कोणी माफ करत नाही. ग्रुप फोटो झाला की पांगण्याआधी डावीकडून उजवीकडे नावं विचारा आणि लिहून घ्या. स्मरणावर ठेवू नका, तिसऱ्या ग्रुपनंतर सगळं एकमेकांत मिसळतं. गडबड असेल तर छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याचा जवळून एक फोटो काढून ठेवते, तोही चालतो. दोन कॅमेरे वापरत असाल तर दोन्हींची घड्याळं निघण्याआधी जुळवा, नाहीतर फोटोंचा क्रम आणि नावांचा क्रम यांची ताटातूट होते. फोटोओळ फाइलच्या आतच, आयपीटीसीच्या (फोटोची माहिती ठेवण्याच्या ठरलेल्या) रकान्यात भरा. सोबत पाठवलेला कागद हरवतो, फाइलमधली ओळ फोटोबरोबर फिरते.

ज्यांच्यासाठी पार्टी आहे त्यांनाच विसरणं

मला सर्वांत जास्त हेच सांगायचं आहे. ज्यांना मदत मिळते त्या मुलांना, रुग्णांना अशा कार्यक्रमात पुष्कळदा बोलावतात. त्यांचे फोटो वरून खाली बघत काढले, रडवेला चेहरा ओढून जवळ आणला, की देणारा मोठा आणि घेणारा लहान दिसतो. गुडघा टेका, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर या. ते काही करत असतील ते टिपा: गाणं, चित्र, बोलणं.

एका कार्यक्रमात एक मुलगा व्यासपीठावर गायला. गाणं संपल्यावर आत येताना तो रडला, ते मी अगदी जवळून टिपलं. संध्याकाळचा सर्वांत चांगला फोटो मिळाला असं मला वाटलं. त्याची आई जवळ आली आणि म्हणाली, "ताई, तो गात होता तेव्हाचा आहे का?" होता, पण दुरून काढलेला, साधा. तोच निवडून दिला आणि रडतानाचा संचातून काढून टाकला. तिच्या दृष्टीने तिचा मुलगा त्या रात्री गायला होता. ती बरोबर होती.

मुलांच्या फोटोसाठी पालकांची परवानगी लेखी घ्या. फोटोओळीत मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि आजार एकत्र छापू नका. ज्या पाहुण्यांना फोटो नको आहे त्यांच्या बिल्ल्यावर वेगळ्या रंगाची खूण ठेवायला आयोजकांना सांगा. कायदाही हे गांभीर्याने घेतो. युरोपीय संघात २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमानुसार ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो ही त्याची वैयक्तिक माहिती ठरू शकते. आपण जिथे काम करतो तिथला नियम वाचून ठेवावा.

त्या आजी पुढच्या वर्षीही आल्या होत्या. मी आधीच जाऊन ओळख करून दिली आणि फोटो काढू का म्हणून विचारलं. "एकटीचा नको गं," त्या म्हणाल्या, "त्या मुलींबरोबर काढ." मागच्या वर्षी मी त्यांना पाहिलं असतं आणि न विचारता एकटीचा फोटो काढला असता, तर तोही चुकलाच असता.

"चांगलं काम आहे, पैसे कसले?"

फुकट काम करायचं असेल तर जरूर करा, पण मनापासून आणि लिहून. बिलात पूर्ण रक्कम लिहा आणि खाली ती देणगी म्हणून वजा दाखवा; कामाची किंमत समोरच्याला कळते. वेळ किती, वाढला तर काय, फोटो कोण कुठे वापरणार, हे फुकट आणि पैसे घेऊन केलेल्या दोन्ही प्रकारच्या कामांत ठरवा. प्रायोजक कंपनीला जाहिरातीत फोटो हवा असेल तर ती वेगळी परवानगी आहे, फोटोतल्या माणसाचीही.

शेवटच्या तासातल्या चुका

फ्लॅशला रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरा. त्यांच्यावर फ्लॅश साध्या अल्कलाइन सेलपेक्षा लवकर पुन्हा तयार होतो. लागोपाठ पूर्ण ताकदीने झोत टाकत राहिलात तर फ्लॅश तापून स्वतःच मंदावतो आणि हे नेमकं धनादेशाच्या क्षणी होतं. त्याआधी दोन मिनिटं त्याला विश्रांती द्या. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर फोटो साठवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.

रात्री दहा-पंधरा फोटो निवडून लगेच पाठवा. उरलेले दोन-तीन दिवसांत, पण सहाशेच्या सहाशे नव्हे. सारख्या दिसणाऱ्या पाच फोटोंतला एक ठेवा. कोणाचे डोळे अर्धे मिटलेले, कोणी जांभई देताना, कोणाचा पदर किंवा कोट सरकलेला असे फोटो आयोजकांपर्यंत जाऊच देऊ नका. निवड झाली की हवीच होती त्या नावांची यादी समोर ठेवते आणि प्रत्येक नावापुढे एकेक फोटो लावत जाते. एखादं नाव रिकामं राहिलं, तर पहिल्या फोटोंसोबत तसं स्पष्ट लिहून कळवते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन यायची वाट बघत नाही.