टपालाने कृष्णधवल फिल्म मागवताय? या चुका टाळा

फिल्म मागवताना बहुतेक जण आयएसओचा आकडा (फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे ते) बघतात, किंमत बघतात आणि बटण दाबून मोकळे होतात. आकार, प्रक्रिया, मुदत, बॅच हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, पण ते वाचलं जातं पार्सल फोडल्यावर, आणि कित्येकदा तर रोल वाया गेल्यावर. नव्याने फिल्मकडे वळलेली मंडळी माझ्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतले निम्मे कॅमेऱ्याचे नसतातच. ते मागणी नोंदवतानाच जन्माला आलेले असतात.

कृष्णधवल म्हणजे एकच प्रकार असं समजणं

इलफर्डच्या एचपी५ प्लस आणि एक्सपी२ सुपर या दोन फिल्म घ्या. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही ४०० आयएसओ. एचपी५ साध्या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये (प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात) धुतात. एक्सपी२ रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत धुतात, आणि तिची अंतिम प्रतिमा रंगद्रव्याची असते. एचपी५ची प्रतिमा चांदीची. ती चुकून सी-४१मध्ये गेली, तर ब्लीच आणि फिक्सर ही रसायनं मिळून सगळी चांदी काढून टाकतात आणि हातात कोरी पट्टी येते. त्यावर कोणताही इलाज नाही. उलट चूक झाली, म्हणजे एक्सपी२ साध्या डेव्हलपरमध्ये गेली, तर निदान प्रतिमा तरी मिळते.

म्हणून आधी रोल कुठे धुणार ते ठरवा आणि मग मागवा. जवळची लॅब फक्त सी-४१ करत असेल तर एक्सपी२ घ्या, तिच्यात काही कमीपणा नाही. स्वतः धुणार असाल तर चांदीची फिल्म घ्या. लॅबला रोल देताना प्रक्रियेचं नाव पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा.

मुदत संपलेला ‘लॉट’

या चुकीचा मला सगळ्यात जास्त कंटाळा आलाय, कारण ती करणाऱ्याला आपण हुशारी केली असं वाटत असतं.

माझ्याकडे डार्करूम शिकायला येणाऱ्या एका मुलाने डेल्टा ३२०० या इलफर्डच्या वेगवान फिल्मचा अख्खा लॉट स्वस्तात मिळवला. मुदत कधीच उलटून गेलेली, पण विक्रेत्याने लिहिलं होतं, ‘कायम फ्रीझरमध्ये ठेवलेली’. पोराला ते पुरेसं वाटलं. मित्रांच्या नाटकाचा शेवटचा प्रयोग त्याने त्याच रोलवर टिपला. निगेटिव्ह धुऊन निघाल्या त्या वरपासून खालपर्यंत राखाडी. रंगमंचावरचे उजळ चेहरे कसेबसे दिसत होते, सावलीतलं काहीही नव्हतं. त्याचा संशय डेव्हलपरवर. उरलेल्या रोलमधून मी अंधारात एक तुकडा कापला, उजेड न दाखवता तसाच डेव्हलप केला, फिक्स केला. तोही तितकाच राखाडी निघाला. दोष डेव्हलपरचा नव्हता, फिल्मच मुळात धुरकटलेली, म्हणजे उजेड न लागताही काळवंडलेली होती. तो प्रयोग काही पुन्हा होणार नव्हता.

विक्रेता खोटं बोलला असेलच असं नाही. थंडीमुळे इमल्शनमधले (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरातले) रासायनिक बदल मंदावतात हे खरं आहे. पण आजूबाजूचा नैसर्गिक किरणोत्सर्ग आणि वैश्विक किरण फ्रीझरच्या दारापाशी थांबत नाहीत. फिल्म जितकी वेगवान, तितका तिच्यावर त्यांचा परिणाम लवकर आणि जास्त. त्यामुळे पॅन एफ किंवा एफपी४सारखी संथ फिल्म नीट थंडीत ठेवलेली असेल, तर मुदतीनंतर काही वर्षं मी बिनधास्त वापरतो. ४००ची वापरायची तर आधी तपासून. त्याहून वेगवान फिल्म मी ताजीच घेतो, मग जुनी कितीही स्वस्तात मिळो.

‘एक-दोन स्टॉप जास्त एक्सपोजर दे, निभावेल,’ असा सल्ला हमखास मिळतो (एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड). जास्त एक्सपोजर दिल्याने सावलीतले तपशील धुरकटपणाच्या थोडे वर येतात, धुरकटपणा तसाच राहतो. डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायझोल हे रसायन घातलं की धूर कमी होतो, पण सोबत फिल्मचा वेगही उतरतो. वेगासाठी म्हणून घेतलेल्या फिल्मवर हा उपाय करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

जुना लॉट घ्यायचाच असेल, तर खोक्यावरच्या तारखेचा खरा फोटो मागा. जाहिरातीतला नमुना फोटो चालणार नाही. आधी एकच रोल मागवा. त्यातला कोरा तुकडा धुवा आणि त्याच जातीच्या ताज्या फिल्मच्या तुकड्याशेजारी उजेडात धरून बघा. एवढा धीर नसेल तर जुन्या फिल्मच्या वाटेला जाऊ नका.

नाव जुनं, फिल्म वेगळी

आग्फाफोटो कंपनी २००५मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे तिच्या एपीएक्स या जुन्या कृष्णधवल फिल्मच्या नावाने आलेल्या नव्या फिल्म म्हणजे जर्मनीतल्या लेव्हरकुझेनमध्ये बनायची ती फिल्म नव्हे. जुन्या तक्त्यातली डेव्हलपिंगची वेळ नव्या खोक्याला लावली की निगेटिव्ह बिघडते आणि मग फिल्मला नावं ठेवली जातात. वेळ नेहमी हातात असलेल्या फिल्मच्या माहितीपत्रकातूनच घ्या. खोक्यावरचा आकडाही एकदा तपासून बघा. डेल्टा ३२००चा खरा वेग इलफर्ड स्वतःच आयएसओ १००० सांगते.

आकार

१२० आणि ६२० या फिल्मची रुंदी एकच, पण ६२०ची रीळ बारीक असते आणि तिच्या दोन टोकांच्या चकत्याही लहान असतात. जुना ६२०चा कॅमेरा असेल, तर १२०चा रोल अंधारात ६२०च्या रिळेवर गुंडाळून घ्यावा लागतो. चकत्या कात्रीने कापून रोल आत कोंबायचा उद्योग काही जण करतात. करू नका, कडेने उजेड शिरतो. शीट फिल्ममध्ये, म्हणजे सुट्या पानांसारख्या फिल्ममध्ये, ४×५ इंच आणि ९×१२ सेंटिमीटर हे दोन आकार जवळपास सारखे दिसतात, पण त्यांचे होल्डर वेगळे.

नमुना पेटी

पाच कंपन्यांचे दहा रोल एकदम मागवणं ही नवशिक्यांची लाडकी सवय. प्रत्येक रोल वेगळा, प्रत्येकाची वेळ वेगळी. एखादी निगेटिव्ह फिकी आली, तर चूक एक्सपोजरची, डेव्हलपरची की फिल्मची, हे कळायला मार्गच उरत नाही. माझी पद्धत साधी आहे: एक फिल्म, एक डेव्हलपर, आणि शक्य तिथे एकाच बॅचचे रोल. हात बसला की मग हवी तेवढी चव बघा.

थोडक्यात आटोपणाऱ्या गोष्टी

वेगवान फिल्म शक्यतो आपल्याच देशातल्या विक्रेत्याकडून घ्या. परदेशी पार्सल विमानाने येताना क्ष-किरणांखालून जाऊ शकतं, आणि हा परिणाम प्रत्येक फेरीला साठत जातो.

पार्सल तापलेल्या गाडीत किंवा उन्हातल्या पत्रपेटीत पडून राहील अशी वेळ निवडू नका.

३०.५ मीटर सलग फिल्मच्या डब्यात ३६ फोटोंचे सुमारे १८ रोल निघतात आणि पैसे खरोखर वाचतात. पण हाताने भरायच्या साध्या कॅसेटवर डीएक्स कोड (कॅमेऱ्याला फिल्मचा आयएसओ सांगणारी खूण) नसतो. असा कोड वाचणारे बरेच स्वयंचलित कॅमेरे मग आपणहून १०० आयएसओ धरतात. आपला कॅमेरा काय धरतो ते आधी माहितीपुस्तिकेत बघा.

शीट फिल्मचं खोकं किंवा लांब फिल्मचा डबा ‘सगळं आलंय ना’ म्हणून उजेडात उघडून बघणारे लोक मी पाहिलेत. बाहेरचं सील शाबूत आहे ना, तेवढंच बघा.

आणि फ्रिजमधून काढलेला रोल लगेच फोडू नका. गार फिल्मवर दव धरतं. बंद पाकिटातच तो तासभर बाहेर ठेवा, फ्रीझरमधला असेल तर आणखी जास्त वेळ.