मादागास्करच्या नेत्रशिबिराला निघण्यापूर्वी

तिकीट काढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा: मोतीबिंदू सापडला तर त्या माणसाला पुढे कुठे पाठवायचं? मादागास्कर बेट फ्रान्सहून मोठं आहे. डोळ्यांचे डॉक्टर मुख्यतः शहरांत असतात, आणि पावसाळ्यात कित्येक गावांचे रस्ते चिखलात जातात. ‘ऑपरेशन करावं लागेल’ एवढंच सांगून आपण परत आलो तर त्या म्हातारीच्या पदरात काय पडलं? म्हणून ऑपरेशन कोण करणार, कोणत्या तारखेला, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा आणि पट्टी काढल्यावर डोळा कोण बघणार, हे बोलावणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या. उत्तर गोलमोल आलं तर जाऊ नका. यावर माझं मत ठाम आहे.

त्याच पत्रव्यवहारात परवानगीचंही बघा. आपल्याकडचा नोंदणी दाखला तिथे आपोआप चालत नाही, तिथल्या आरोग्य खात्याची संमती लागते. थेंब, मलमं नेणार असाल तर नावं, संख्या आणि मुदत लिहिलेली यादी आधीच पाठवा. तिथे पोहोचताना औषधाची निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. घरात उरलेल्या बाटल्या नेऊ नका, आणि स्टेरॉइडचे थेंब तर कोणाच्याही हातात नुसते ठेवू नका.

मे ते ऑक्टोबर हा काळ बरा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. राजधानी अंतानानारिवो सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि जुलै म्हणजे तिथला हिवाळा, तेव्हा स्वेटर घ्या. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, मच्छरदाणी न्या. भातखाचरांत आणि नदीत अनवाणी उतरू नका, त्या पाण्यातून शिस्टोसोमा नावाची कृमी अंगात शिरते. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि तो पिवळा दाखला पासपोर्टलाच लावून ठेवा, परतताना आपल्या विमानतळावरही विचारतात.

आता सामान. आमच्या पहिल्या शिबिराला, तेही इथेच गावाकडच्या, आम्ही जुन्या चष्म्यांचं पोतं घेऊन गेलो होतो. पूर्ण संध्याकाळ ते निवडण्यात गेली. काड्या मोडलेल्या, काचांवर ओरखडे, आणि नंबर असे की ते एकाच माणसाला लागू पडावेत. कामाला आले ते मूठभर. तेव्हापासून मी नवे, तयार, जवळचं बघायचेच चष्मे नेते. प्लस एक ते प्लस साडेतीन, त्यांतही दीड ते अडीचचे सर्वांत जास्त. आपण ज्याला सरळ चाळिशी म्हणतो ती तिथल्या बाईलाही चाळिशीतच लागते, आणि तिचं पोट राफियाच्या, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या धाग्यांच्या, टोपल्या विणण्यावर असेल तर चष्म्याअभावी कमाईच थांबते. तपासायला छापील अक्षरं कशाला? तीन वेळा भात खाणारा देश आहे. पसाभर तांदळात दोन खडे मिसळून बशीत समोर ठेवा. आधी ती बाई बशी हात लांब करून धरते, मान मागे घेते. प्लस दोन डोळ्यांवर चढवला की बशी हळूहळू जवळ येते आणि बोट नेमकं खड्यावर जातं.

लांबच्या नजरेसाठी फिरवता येणारा ‘ई’चा तक्ता न्या. त्याचे पाय ज्या बाजूला, तिकडे रुग्णाने हात करायचा. भाषा लागत नाही, अक्षरओळखही नाही. ६ मीटरची दोरी दोन्ही टोकांना गाठ मारून पिशवीत टाका, म्हणजे शाळेच्या वर्गात असो की झाडाखाली, अंतर चुकत नाही. सोबत मिलिमीटरभर छिद्र पाडलेला काळा पुठ्ठा. छिद्रातून दिसणं सुधारलं तर बहुधा नंबरचा प्रश्न. नाही सुधारलं तर मोतीबिंदू किंवा आणखी काही, म्हणजे चष्मा नको, पुढे पाठवा. लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर त्याला रांगेत बसवू नका, त्याच दिवशी पुढे धाडा. तिथे कर्करोगही असू शकतो.

बॅटरीच्या विजेऱ्या, जादा सेल, पॉवर बँक घ्या; वीज जाते. रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं यंत्र) आणि ट्रायल लेन्सची, म्हणजे नंबर तपासायच्या काचांची, पेटी हातातल्या सामानातच ठेवा.

दुभाषा मालागासी बोलणारा हवा, फ्रेंच गावात पुरत नाही. मॉरिशसमार्गे जात असाल आणि तिथल्या मराठी कुटुंबांत ओळख असेल तर जरूर विचारा. फ्रेंच कागदपत्रांना त्यांची मदत मोलाची ठरते. डोळ्याला मालागासीत ‘मासु’ म्हणतात, आणि सूर्याचं नाव ‘मासुआन्ड्रु’, म्हणजे दिवसाचा डोळा. हा शब्द कळल्यावर मला त्या भाषेशी नातं जुळल्यासारखं वाटलं. ‘मिसोत्र’ म्हणजे आभारी आहे, एवढं तरी पाठ करा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, थडग्यांकडे बोट दाखवू नका. तिथे ते ‘फादी’, निषिद्ध मानतात.

शेवटी दोन जाड वह्या आणि कार्बन पेपर. प्रत्येकाचं नाव, गाव, दोन्ही डोळ्यांची नजर, दिलेला नंबर आणि पुढे पाठवल्याची तारीख. मूळ पान तिथल्या आरोग्य केंद्राच्या परिचारिकेकडे राहील, कार्बनची प्रत आपल्याकडे.