टू-टेल्ड टेस्ट: टेबलात नेमकं कुठे बघायचं?

प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर माझी सगळ्यात जास्त लाल शाई टू-टेल्ड टेस्टच्या क्रिटिकल व्हॅल्यूवर, म्हणजे निर्णयाची सीमा ठरवणाऱ्या टेबलातल्या आकड्यावर, खर्च होते. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर आणि टेबलातून उचललेला आकडा भलताच.

समजा, साखरेचं पोतं ५० किलोचं भरायचंय. कमी भरलं तर गिऱ्हाईक बोंब मारणार, जास्त भरलं तर कारखान्याचा तोटा. दोन्ही बाजूंचा फरक खुपतो, म्हणून शून्य परिकल्पना ‘सरासरी ५० आहे’ आणि पर्यायी परिकल्पना ‘सरासरी ५० नाही’ अशी. अल्फा, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असताना ती चुकून नाकारण्याची आपण चालवून घेतलेली शक्यता, ५ टक्के घेतला, तर तो दोन टोकांना निम्मा निम्मा वाटायचा: डावीकडे ०.०२५, उजवीकडे ०.०२५. वक्र काढून दोन्ही टोकं पेन्सिलीनं रंगवाच. याचा कंटाळा करणारेच पुढे गडबडतात.

समष्टीचं, म्हणजे सगळ्याच पोत्यांचं, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत ते) माहीत असेल तर झेडचं टेबल. आधी टेबलाच्या डोक्यावरचं चित्र बघा. डावीकडून सगळं क्षेत्रफळ मोजणारं टेबल असेल तर आतल्या आकड्यांत ०.९७५० शोधा, शून्यापासून मोजणारं असेल तर ०.४७५०. बोट पोचतं तिथेच, १.९ ची ओळ आणि ०.०६ चा रकाना. म्हणजे १.९६, आणि लिहिताना अधिक-उणे दोन्ही. १ टक्क्याला २.५७६, १० टक्क्यांना १.६४५ हे पाठच असू द्या. ५ टक्क्यांच्या टू-टेल्डमध्ये १.६४५ दिसलं की मी ओळखते, अल्फा निम्मा करायचा राहिलाय.

बहुतेक वेळा विचलन नमुन्यावरूनच काढावं लागतं, मग टीचं टेबल. ही वाट दाखवणारा गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत, बिअरच्या कारखान्यात, नोकरीला होता. छोटे नमुने ही तिथली नेहमीची अडचण. १९०८ साली त्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं लेख छापला. समजा, नमुन्यात आपली पोती १०, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम (नमुन्याच्या संख्येतून एक वजा) ९. बऱ्याच टेबलांवर वन-टेल आणि टू-टेल अशा दोन ओळी असतात. टू-टेलचा ०.०५ आणि वन-टेलचा ०.०२५ हा एकच रकाना. त्यात ९ समोर २.२६२. नमुन्याची सरासरी ५०.३ आणि विचलन ०.४ आलं, तर टी, म्हणजे ०.३ चा फरक भागिले (०.४ भागिले √१०), साधारण २.३७. २.२६२ च्या पलीकडे गेला, शून्य परिकल्पना नाकारली. १ टक्क्याला मात्र सीमा ३.२५०, तिथे नाकारता येत नाही. म्हणून अल्फा आधी ठरवायचा. उत्तर बघून ठरवणं ही सरळ लबाडी आहे.

एक्सेलवाल्यांसाठी: टी.इन्व्ह.२टी ला अख्खा ०.०५ आणि ९ द्या, निम्मं तो स्वतःच करतो. नॉर्म.एस.इन्व्ह तसं करत नाही, त्याला ०.९७५ द्यावा लागतो.

आणि पोत्यांच्या वजनाचा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) तपासायचा असेल तर काय-स्क्वेअरचं टेबल. तो वक्र एका बाजूला झुकलेला, तिथे अधिक-उणे चालत नाही. दोन वेगळी मूल्यं दोनदा शोधायची. ९ च्या ओळीत, उजवीकडचं क्षेत्रफळ ०.९७५ असेल तिथे २.७०० आणि ०.०२५ असेल तिथे १९.०२३.