मेटानेफ्रिनच्या तपासणीसाठी २४ तासांची लघवी कशी गोळा करायची

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या लॅबमधून कॅन घेऊन गेलेल्या माणसाचा दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास फोन येतो. "भाऊ, पहिली धरायची का सोडायची?"

सोडायची. सहाला उठलात तर ती लघवी संडासात जाऊ द्या आणि कॅनवर लिहा, सुरुवात सकाळी ६. तिथून पुढे दिवसाची, रात्रीची सगळी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला जाऊन शेवटची धरायची. मधे बर्डीवर बाजाराला गेलात आणि तिथंच एकदा उरकून आलात, तर हिशेब गेला. लपवू नका, नवा कॅन देतो. क्रिएटिनिन लघवीतून रोज साधारण सारखंच पडतं, ते बघून आम्हाला बहुतेक कळतंच.

कॅनच्या तळाशी असतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. एक काकू कॅन लखलखीत घासून घेऊन आल्या होत्या! ते ओतून टाकायचं नाही, आणि थेट कॅनमध्ये बसायचंही नाही, अंगावर उडतं. मगात धरा, मग सावकाश ओता. मे महिन्यात कूलरसमोर ठेवून भागत नाही. पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, घरचे नाकं मुरडतील तर मुरडू द्या.

एवढा खटाटोप काऊन? ॲड्रिनलिन हे धडधड आणि बीपी वाढवणारं हार्मोन रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीतली गाठ, ते झटक्यानं सोडते. धडधड, घाम, बीपी २०० वर, आणि दवाखान्यात पोचेस्तोवर सगळं शांत. पण गाठीच्या पेशींत सीओएमटी नावाचं एन्झाइम झटका असो-नसो ॲड्रिनलिनचं मेटानेफ्रिन आणि नॉरॲड्रिनलिनचं नॉरमेटानेफ्रिन करतच असतं. ते लघवीत सापडतं. व्हीएमए हा मेटानेफ्रिनच्याही पुढचा, शेवटी उरणारा माल. ती तपासणी जुनी, गाठ हुकवणारी. तीच लिहून दिली असेल तर केळी, कॉफी, व्हॅनिला आइस्क्रीम आधी बंद करा.

गोळ्यांची सगळी पाकिटं दाखवा, सर्दीचीसुद्धा. अमिट्रिप्टिलिन ही डिप्रेशनची गोळी नॉरॲड्रिनलिनला पेशीत परत शिरू देत नाही, म्हणून गाठ नसतानाही नॉरमेटानेफ्रिन वाढलेलं दिसतं. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, पार्किन्सन्सची लेव्होडोपाही रिपोर्ट बिघडवतात. काय बंद करायचं ते डॉक्टरच ठरवतील. बीपीचं औषध क्लोनिडिन मनानं सोडलंत तर बीपी उसळून वर जातं.

आणि कॅन अख्खा आणा. एकूण किती एमएल झाली ते मोजावं लागतं, बाटलीत थोडी काढून आणलेली चालत नाही.