जुन्या दुनळीतील बदल आणि दुरुस्त्या ओळखताना या चुका टाळा

यावल-चोपड्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, पिकाच्या राखणीसाठी घेतलेल्या छऱ्याच्या बंदुका काही घरांत अजून जपून ठेवलेल्या आढळतात. वस्तू जुनी म्हणून परवाना लागत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सूट दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा कालबाह्य शस्त्रालाच मिळते.

ठासणीची बंदूक रिकामीच असेल, असे कधीही गृहीत धरू नये. गज नळीत शेवटपर्यंत सरकवून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. त्याचे टोक नळीच्या बुडापासून दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले, तर आत जुना बार असू शकतो. अशा वेळी पुढचे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे.

साफसफाईची घाई तर सर्वांत महाग पडते. एमरी कागदाने नळी चकचकीत केली की तपकिरी रंगाबरोबर चाचणीचे ठसेही (नळीची ताकद तपासल्यावर तिच्यावर मारलेल्या खुणा) झिजतात, आणि बंदुकीच्या वयाचा सर्वांत भरवशाचा पुरावा कायमचा जातो.

वरच्या पट्टीवर कोरलेल्या नावावरून बंदुकीची किंमत ठरवणे ही आणखी एक चूक. नाव मागाहूनही कोरता येते, त्यामुळे नळ्या सोडवून त्यांच्या बुडाखालचा सपाट भाग आधी वाचावा. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ सालचे आहे, आणि १८७५ ते १८८७ या काळातील चोक (तोंडाशी मुद्दाम अरुंद ठेवलेला भाग) असलेल्या इंग्रजी नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नाही’, असा ठसा मारला जात असे. पारोळ्याकडच्या एका घरात मी पाहिलेल्या दुनळीवर हा ठसा स्पष्ट होता, पण तोंडाचा व्यास आतल्या व्यासाइतकाच भरला. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो आणि पूर्ण चोक असल्यास तोंड त्याहून साधारण एक मिलिमीटर अरुंद असते. तोंडाशी नीट पाहिल्यावर दोन नळ्यांमध्ये डाखाने बुजवलेली फट दिसली. मूळ नळ्या तोंडाशी बहुधा एकमेकींना टेकलेल्या असतात. म्हणजे नळ्या कधीतरी कापल्या होत्या आणि त्याबरोबर चोकही गेला होता. घरच्यांना मात्र ती मूळ स्थितीतली वाटत होती.

लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळीवरची नक्षी पाहून ती आधुनिक काडतुसाला चालेल असे समजणे जिवावर बेतू शकते. काळ्या दारूसाठी तपासलेली नळी धूरविरहित दारूसाठी तपासलेली ठरत नाही, आणि आतून घासून मोठी केलेल्या नळीवरचा जुना ठसा तिच्या आजच्या ताकदीची हमी देत नाही. म्हणून चाचणीसाठी बार काढून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

चकमकीची बंदूक टोपीवर (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी धातूची टोपी) बदललेली असेल, तर कळपट्टीवर, म्हणजे घोडा बसवलेल्या बाजूच्या पट्टीवर, बुजवलेली भोके सापडतात. जुना कान (पेटवणीची दारू ठेवायची वाटी) आणि त्याची कमान जिथे बसत असे, तिथेच ती असतात. १८२५ साली धरणगावात भिल्ल पलटण उभी राहिली, तेव्हा लष्करात चकमकच होती. टोपीची पद्धत तिथे १८४० च्या सुमारास रुळली. त्यामुळे असा बदल त्या काळात केलेला असल्यास तो दोष मानू नये. दस्त्याच्या तडकलेल्या मानेवर गावच्या कारागिराने ठोकलेली पितळी पट्टीही काढून टाकू नये. तिचा फोटो घ्यावा, खिळ्यांची संख्या लिहून ठेवावी आणि ती आहे तिथेच राहू द्यावी.